भिंतीकडे तोंड केलेला शेट्टी

६ सप्टेंबर, शनिवार

बऱ्याच वर्षांनी आज मला एक वैरी मिळाला. जेवण दोन घास जास्त गेलं.

ही डायरी औषधाच्या दुकानात फुकट मिळाली होती, जानेवारीपासून कोरीच होती. मी चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर कोंबडीच्या पायासारखं. पण सायकल स्टँडवर सतरा वर्षं वही लिहिली आहे, लिहायला भीत नाही. गुडघ्याचं तेल सांडून पहिली चार पानं चिकटली, म्हणून पाचव्यापासून सुरू.

संध्याकाळी इरा आली ती पिशवी टाकून सोफ्यावर. इरा माझी नात. मुलगा निनाद आणि सून मस्कतला, ही माझ्याजवळ म्हैसूरला. कंपनीत मोबाईलचं ॲप करते. म्हातारी माणसं त्यात औषध मागवतात, ते घरी येतं. ‘आसरे’ नाव त्याचं. माझ्याही फोनात घालून दिलंय.

म्हटलं, काय झालं गं? तर डोळे भरले. म्हणाली, “आज्जी, सुधींद्र मला सगळ्यांसमोर बोलला.” सुधींद्र म्हणजे हिच्या वरचा. म्हणाला म्हणे, “इरा, तुझा कोड म्हणजे फुटकं मडकं. ॲप लोकांना मधेच बाहेर काढतं, पुन्हा लॉगिन करा म्हणतं. दसऱ्याच्या सुट्टीपर्यंत कंप्लेंट थांबल्या नाहीत तर प्रोबेशनवरूनच घरी.” अकरा माणसं ऐकत होती. एक जण तर चकली खात होता.

मी म्हटलं, “अय्यो, मला पण रोज बाहेर काढतं की! मला वाटायचं माझंच बोट चुकतं. म्हणजे हाच मेला काढतो होय?”

“नाही गं आज्जी, तो कोड मीच लिहिलाय.”

“तू गप.”

आजपासून त्याचं एकेक पाप मी वेळेसकट लिहिणार आणि चामुंडीसमोर उभं राहून वाचून दाखवणार. देवीला मोघम सांगितलेलं आवडत नाही.

८ सप्टेंबर

सकाळी ७.१०. कॉफी पिऊन ॲप उघडलं. पहिल्या पानावर तीन चौकोन असतात, औषधं, गाडी कुठे आली ते, आणि डॉक्टरची चिठ्ठी. तिन्ही एकदम गोल गोल फिरले आणि मला बाहेर काढलं. पाप पहिलं.

९ सप्टेंबर

सकाळी ७.०५. तसंच, तीन चौकोन फिरले आणि बाहेर. पाप दुसरं. लॉगिन करायचं म्हणजे चष्मा शोधा, मग तो सहा आकडी नंबर येईपर्यंत फोनकडे बघत बसा. ७.१२ ला परत उघडलं तर गुमान चाललं. घाबरला असेल.

११ सप्टेंबर

दुपारी ३ वाजता, झोपून उठल्यावर. बाहेर. पाप तिसरं.

साडेचारला ‘तुमचं औषध निघालं’ असा मेसेज आला. त्यावर बोट ठेवलं तर नुसतं गाडीचं पान उघडलं, आणि बाहेर काढलं नाही. तेव्हा सुधींद्र कॉफीला गेला असणार.

समोरची नागरत्ना लॉगिन करून करून कंटाळली. बीपीची गोळी संपली तरी दोन दिवस मागवलीच नाही, चक्कर आली तेव्हा सांगते. तिचं पापही त्याच्याच नावावर घातलं. चौथं. हे मोठ्या अक्षरात.

१४ सप्टेंबर, रविवार

आज पुष्कळ लिहायचंय. आधी तांदूळ भिजत घालून आले.

सकाळी इराला म्हटलं, शत्रूचं घर कुठून उघडतं ते मला कळलं पाहिजे, तुमचं ते काय असतं ते सांग. ती म्हणाली, आज्जी तुला कंटाळा येईल. मी म्हटलं, तू सांग तर.

ते असं आहे. फोनमधलं ॲप दर वेळी लांबच्या एका मोठ्या मशीनकडे माणूस पाठवतं, माझी औषधांची यादी दे म्हणून. मशीन विचारतं, तू कोण? मग तो टोकन दाखवतो. हे टोकन पंधरा मिनिटांतच शिळं होतं, म्हणजे कुणी चोरलं तरी त्याला फार वेळ वापरता येऊ नये. शिळं झालं की दुसरं एक मोठं टोकन असतं, ते देऊन नवं घ्यायचं. आणि नवं देताना मशीन ते मोठं टोकनही बदलून देतं. जुनं मेलं. ते मेलेलं कुणी परत आणलं तर मशीन समजतं की चोर आला, आणि सगळ्यांनाच बाहेर काढतं.

हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. का ते पुढे लिहिते.

मी म्हटलं, मग गडबड कुठे आहे? इरा म्हणाली, तेच तर सापडत नाही, ऑफिसात कुणालाच बाहेर काढत नाही. तिथे ते दिवसभर उघडं ठेवून बसतात. मग तिला हा डायरीतला पापांचा पाढा दाखवला, म्हटलं निदान हसशील. ती हसली नाही. दोनदा वाचला. म्हणाली, “आज्जी, मेसेजवरून गेलीस तेव्हा एकच पान उघडलं? आणि बाहेर नाही काढलं?”

“नाही.”

“आणि पहिल्या पानावर तिन्ही चौकोन एकदम?”

“एकदम. माकडांसारखे.”

मग तिने कपाळावर हात मारून घेतला. बराच वेळ उघडलं नाही की टोकन शिळं. पहिल्या पानाचे तीन चौकोन म्हणजे तीन माणसं एकदम निघतात, तिघांनाही मशीन परत पाठवतं. मग तिघेही तेच एक मोठं टोकन घेऊन नवं आणायला धावतात. पहिल्याला नवं मिळतं. दुसरा पोचेपर्यंत हातातलं टोकन मेलेलं. मशीन ओरडतं, चोर!

मी म्हटलं, “ही तर नरसिंहाच्या स्टँडची गोष्ट.”

आता ते लिहिते. नजरबादला सिनेमाच्या बाजूला सायकल स्टँड होता. कंत्राट नरसिंह नावाच्या माणसाचं, सांभाळायचे हे, आणि वही माझ्याकडे. पत्र्याचे बिल्ले लोक टिनवाल्याकडून हुबेहूब करून घ्यायचे आणि सायकली पळवायचे. तेव्हा ह्यांनी डोकं चालवलं. महिन्याच्या गिऱ्हाइकाला तोंडी नंबर. आज एक्केचाळीस सांगितला की सायकल मिळणार, आणि तिथल्या तिथे उद्यासाठी नवा नंबर. जुना नंबर घेऊन कुणी आला तर चोर समजायचा, सायकलीला साखळी घालायची. सहा महिन्यांत एक सायकल गेली नाही. नरसिंह सगळीकडे सांगत सुटला की ही युक्ती माझी.

मग एकदा कचेरीतल्या एका कारकुनाकडून सकाळी तो स्वतः, त्याचा मेव्हणा आणि शिपाई, तिघेही एकाच सायकलीसाठी आले, एकमेकांना न सांगता. तिघांच्या तोंडी एक्केचाळीस. पहिल्याला नवा नंबर मिळाला, दुसऱ्याने जुना सांगितला, ह्यांनी नियमाप्रमाणे साखळी घातली. कारकून मोठा बोंबलला. तेव्हा मात्र नरसिंह म्हणाला, “जगन्नाथराव, असली खुळी पद्धत तुमची, तुम्हीच निस्तरा.” भर गर्दीत. आठवड्याने स्टँड त्याच्या भाच्याला दिला.

तोडगा ह्यांना त्याच रात्री सुचला होता, भाकरी मोडताना मला सांगितला. एका सायकलीमागे नंबर बदलायला एकानेच खिडकीपाशी यायचं. बाकीच्यांनी समोरच्या बाकावर बसायचं. तो नवा नंबर घेऊन आला की सगळ्यांना तोच. मी म्हटलं, जाऊन सांगा की. तर म्हणाले, जाऊ दे.

इरा ऐकताना पेन चावत होती. तशीच उठून लॅपटॉप उघडला. तांदूळ आंबले, आता उद्या डोसे.

१७ सप्टेंबर

इरा तीन दिवस जेवणाच्या टेबलावरच. मी विचारलं, बाक घातलास का? म्हणाली, घातला, कोडमध्ये नावच ‘बाक’ ठेवलंय. मी म्हटलं, आणि गेलेला परत आलाच नाही तर? तिने बटणांवरून बोटं उचलली. मी म्हटलं, मी पण ह्यांना हेच विचारलं होतं. ते म्हणाले, बाकावरच्यांना ताटकळत ठेवायचं नाही. थोडा वेळ बघायचं, मग जाऊन सांगायचं, आज सायकल नाही, चालत जा.

इरा म्हणाली, “आज्जी, हे मी विसरलेच होते.” आणि परत खाली मान घालून बसली.

चूक इराचीच होती म्हणे मुळात. असेल. मला त्याच्याशी काय करायचंय?

२० सप्टेंबर

दोन दिवसांत एकदाही बाहेर काढलं नाही. तक्रारी बंद. नागरत्नाने गोळी मागवली, वर डिंकाचा लाडू आणून दिला.

आणि आज काय झालं. कंपनीच्या मालकीण वर्षिणी मॅडम, त्यांच्यासमोर सुधींद्र उभा राहून म्हणाला, टोकनचा प्रॉब्लेम होता, मी सोडवला. मी! इरा तिथेच बसली होती. घरी येऊन म्हणते, “जाऊ दे ना आज्जी. काम झालं ना? माझी नोकरी राहिली.”

‘जाऊ दे’ ह्या घरात एकदा म्हणून झालंय. त्यानंतर ते म्हणणारा माणूस रोज दुपारी जाऊन स्टँडसमोरच्या बाकावर बसायचा. नुसता. कुणी विचारलं तर म्हणायचा, ऊन खातोय. अडीच वर्षं ऊन खाल्लं. मग गेलेच.

आज भाजीत मीठ दोनदा पडलं.

२२ सप्टेंबर

गोंबे मांडले, दसऱ्याच्या बाहुल्या. इराने सात पायऱ्या लावून दिल्या. सगळ्यात वर राजा-राणी, माझ्या सासूबाईंचे, चंदनाचे. राणीचं नाक गेलंय पण तोरा आहे. मधे देवदेव. खाली शेट्टी आणि शेट्टम्मा, पुढ्यात वाटीवाटीत डाळ-तांदूळ, त्यांचं दुकान.

शेट्टीचं तोंड मी भिंतीकडे केलं.

इरा म्हणाली, “शेट्टीला काय झालं?”

“सुधींद्र आहे तो.”

“आज्जी! देवाचं आहे हे.”

“देवाचंच आहे. देवासमोरच शिक्षा करतेय, लपून नाही.”

शेट्टम्मा एकटीच दुकान बघतेय बिचारी. जाता येता त्याच्या टकलावर एक टिचकी मारते. फार बरं वाटतं. गुडघासुद्धा कमी दुखतो.

२५ सप्टेंबर

ॲपमध्ये तक्रारीचं बटण आहे, त्यावर फोन लागतो. लावला. एक मुलगी गोड बोलली, हेळी अज्जी, सांगा, काय त्रास आहे? मी म्हटलं, त्रास काही नाही. तुमच्या मॅडमना सांग, इराच्या आज्जीने रविवारी चार वाजता गोंबे बघायला बोलावलंय, सगळ्यांना. सुधींद्र म्हणून कुणी आहे त्याला मुद्दाम सांग. कोडबळे करणार आहे, तांदळाच्या पिठाची तळलेली कडी.

इराला संध्याकाळी ऑफिसातूनच कळलं. माझ्याशी बोलत नाही. बोलेल.

२८ सप्टेंबर, रविवार

आज आधी आरशात बघून आले. दहा वर्षांनी लहान दिसतेय.

चारला आले सगळे. वर्षिणी मॅडम जांभळ्या रेशमी साडीत, बाई साधी आहे, जमिनीवर मांडी घालून बसली. चार मुली. आणि तो. मला वाटलं होतं चांगला दांडगा असेल. कसला, काडी. चौकड्यांचा शर्ट. पायमोज्याचा अंगठा दुसऱ्याच रंगाच्या दोऱ्याने शिवलेला. नमस्कार केला, अगदी वाकून. मी आशीर्वाद दिला, पण छोटा.

गोंबे बघताना म्हणाला, “अज्जी, हा शेट्टी उलटा का बसलाय?”

मी म्हटलं, “दुकान बंद आहे त्याचं.”

कोडबळे फिरले. नागरत्ना पण होती, मीच बसवली होती. तिला शिकवून ठेवलं होतं तसं म्हणाली, तुमचं ॲप आता छान चालतंय हं. मॅडम म्हणाल्या, “ते सगळं आमच्या सुधींद्रमुळे.” तो हसला. म्हणाला, “काही नाही हो, तिघं एकदम नवं टोकन आणायला जात होते. मी एकालाच पाठवतो, बाकीचे थांबतात.”

मी पदर खोचला.

“मरी, बाळा, मला एक सांग. मी चौथी पास. एक गेला, दोघं थांबले. गेलेला परत आलाच नाही तर?”

“येतोच अज्जी.”

“आणि वाटेत मेला तर?”

मुली हसल्या. तो पण हसला, पण उशिरा. “मग... दुसरा जाईल.”

“दुसऱ्याला कसं कळणार? तो तर बसलाय.”

“ते सिस्टिम बघतं अज्जी.”

“सिस्टिम म्हणजे कोण? नाव सांग.”

मॅडमनी कोडबळे चावायचं थांबवलं. कडक होते माझे, चावायचं थांबलं की खोलीत एकदम शांत होतं. म्हणाल्या, “सुधींद्र, खरंच. नवं टोकन आणणारा रिफ्रेश अडकला तर काय होतं? किती वेळ थांबतात?”

त्याने इराकडे बघितलं. मग सगळ्यांनीच. इरा चटईच्या काड्या मोजत होती. मी मागून तिच्या पाठीत बोट खुपसलं, चांगलं नखासकट.

“दहा सेकंद,” इरा म्हणाली. “मग बाकावरच्या दोघांना नाही म्हणून सांगून सोडायचं. त्यांना परत टोकन आणायला पाठवायचं नाही, नाहीतर पुन्हा तीच धावाधाव. आणि नुसतं नेट गेलं असेल तर माणसाला बाहेर काढायचं नाही. सर्व्हरने स्वतः नकार दिला तरच लॉगिन मागायचं.”

“बाक?” मॅडम म्हणाल्या. “कोडमध्ये हा शब्द वाचला मी. सुधींद्रला विचारलं तर म्हणाला, असतं असं काहीतरी.”

“मराठी आहे,” इरा म्हणाली. “बसायचा बेंच. माझ्या आजोबांचा आहे.”

बाहेर फुगेवाला पिपाणी वाजवत गेला. मॅडमनी विचारलं, “हे कुणी लिहिलं?” इरा परत चटईच्या काड्यांकडे वळली. तोच म्हणाला, खाली बघून, “इराने. मी फक्त मीटिंगमध्ये सांगितलं.”

कान लाल झाले होते, दोन्ही. मी मनात म्हटलं, नरसिंहा, बघ.

निघताना बाकीच्या चपला घालत होत्या, तो स्वयंपाकघराच्या दारात आला. म्हणाला, “अज्जी, अम्मासाठी थोडे कोडबळे बांधून द्याल? हुणसूरला असते. एकटीच.” मग उगीचच सांगत बसला. आईला पण आमचंच ॲप लावून दिलं होतं. ते तिला बाहेर काढायचं, तिला लॉगिन जमत नाही, आणि मुलाला कामात त्रास नको म्हणून सांगितलं पण नाही. शुगरच्या गोळ्या पाच दिवस नाहीत. न्हाणीघरात पडली. “त्याच दिवशी मी इरावर ओरडलो. आणि नंतर मॅडमना काय सांगितलं... ते चुकलंच.”

मी ऐकून घेतलं. दोन पुड्या बांधल्या. आईच्या पुडीत निवडून सोनेरी, वर खोबऱ्याची वडी. त्याच्या पुडीत पहिल्या घाण्याचे, करपलेले. दोन्हींवर नावं घातली, अदलाबदल व्हायला नको.

सगळे गेल्यावर इरा म्हणाली, “मला विचारलंस तू?”

“नाही.”

“त्याचा चेहरा बघितलास?”

“बघितला. पोटभर.”

ती आत जाऊन दार लावून बसली. मी इकडे एकटीच चार कोडबळे खाल्ले. कोणे एके काळी मी नरसिंहाचं तोंड असं बघायला हवं होतं. तेव्हा मी पदर तोंडात धरून घरात बसले होते, आणि हे बाकावर.

३० सप्टेंबर

आज ऑफिसात आयुधपूजा. लॅपटॉपला हळदकुंकू लावून आणलंय इराने, बटणांत झेंडूची पाकळी अडकली आहे. प्रोबेशन संपलं, पक्की झाली. टोकनचं सगळं काम आता तिच्या नावावर. मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलं, तीच अकरा माणसं. चकलीवाल्याने टाळ्या वाजवल्या म्हणे.

माझ्याशी बोलली. म्हणाली, “तरी आज्जी, तू दुष्ट आहेस.” मी म्हटलं, हो.

२ ऑक्टोबर

दसरा. मिरवणूक बन्नीमंटपाकडे निघाली तशी गर्दी वाढली, आम्ही टीव्हीवरच बघितली. संध्याकाळी गोंब्यांतल्या राजाला आडवं करून झोपवलं, म्हणजे मांडणी संपली. इरा म्हणाली, आता तरी शेट्टीला फिरव. मी म्हटलं, बघते.

फिरवला नाही. उद्या पेटीत ठेवीन तोही पालथाच. पुढच्या वर्षी विचार करू.

५ ऑक्टोबर, रविवार

इराला म्हटलं, मला नजरबादला ने. रिक्षाने गेलो. स्टँड कधीच गेला, तिथे आता मोबाईलची दुकानं. पण समोर झाडाखाली तो दगडी बाक आहे अजून, एक पाय खचलेला. बसलो दोघी. ऊन चांगलं होतं.

इराच्या फोनवर सुधींद्रचा मेसेज आला. आईला कोडबळे फार आवडले, अज्जींना सांग. माझे जरा करपले होते, पण खाल्ले सगळे. मी इतकी हसले की दुकानातला मुलगा बाहेर येऊन बघून गेला. इराही हसली, नको म्हणत म्हणत.

मग ती उसाचा रस आणायला गेली. तेवढ्यात मी बाकाच्या रिकाम्या बाजूला हात ठेवला आणि ह्यांना सांगितलं, चला उठा आता. सायकल मिळाली.